चौथा अर्थ

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करते, आधी कामाचं. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतोस.

आमच्या कोर्टात एक खुनाचा खटला चालू आहे. आरोपी खाणपट्ट्यातल्या एका खाणीवर पाणी उपसायचे पंप चालवतो. सगळे त्याला पंपवालाच म्हणतात. त्याचा मुकादम सप्टेंबरात खाणीच्या पाण्याच्या टाकीत मेलेला सापडला. डोक्याला मार होता, पण तो पडून लागला की कुणी मारला, हे डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येत नाही. पाळी बदलण्यावरून आदल्या आठवड्यात दोघांची चांगलीच जुंपली होती, ते मात्र वीस जणांनी पाहिलंय. आणि मुकादम सापडला त्या दिवशी सकाळी पंपवाल्याने बायकोला मेसेज पाठवला होता, ‘आज मुकादमाला सॉर्ट करतो, मग घरी येतो.’

सगळा खटला आता या एका शब्दावर येऊन बसलाय. कोर्टाच्या भाषेत त्याचं काय करायचं ते ठरवणं माझं, म्हणजे दुभाषीचं काम. तुझ्या उसन्या शब्दांच्या कोशात ‘सॉर्ट’चे चार अर्थ दिलेत. चौथा असा आहे: ‘ठार मारणे, कायमचा काटा काढणे. खाणपट्टा.’ बचावाचा वकील विचारतो, हा अर्थ आला कुठून? त्या अर्थाच्या तुझ्या चिठ्ठ्या काय म्हणतात ते मला कळव. म्हणजे मीही निर्धास्त होईन.

तुझे गुडघे कसे आहेत? आता नमस्कार.

सुतळी

९ फेब्रुवारी

चि. सुतळी,

आशीर्वाद आणि एक टपली. बारा वर्षांनी कुणीतरी माझा कोश उघडला म्हणून आनंद झाला, तर उघडला तोही खुनासाठी.

‘सॉर्ट’ हा मोठा बेरकी शब्द आहे. इंग्रजीतून आला तेव्हा नुसता निवडण्या-टिपण्याचं काम करायचा, तो मूळ अर्थ मी कोशात मोजलाच नाही. बंदराकडे त्याने पाय पसरले. तिथला हमाल ‘मी सॉर्ट आहे’ म्हणाला की त्याला आणखी चहा नको असतो. कॉलेजातली पोरं एखादीला ‘सॉर्टेड’ म्हणतात, याचा अर्थ ती डोक्याने शांत आहे आणि यांना भीक घालत नाही. गिरण्यांच्या भागात ‘त्याला सॉर्ट केला’ म्हणजे चांगला खडसावला, फार तर एक ठेवून दिली. हे तिन्ही अर्थ मी स्वतः ऐकले आहेत, बसच्या थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात, एकदा तर दात काढून घेताना खुर्चीत बसून. तेव्हा कान होते.

आमची पद्धत तुला लहानपणापासून ठाऊक आहे. प्रत्येक अर्थाची चिठ्ठी करायची. शब्द, वाक्य, बोलणारा कोण, कुठला, तारीख आणि ऐकणारा कोण. दोन वेगळ्या तोंडांतून, दोन वेगळ्या ठिकाणी ऐकलेला असेल तरच तो अर्थ छापायचा. एका साक्षीवर काही नाही. या नियमापायी मी दोन मदतनिसांना रडवलंय. तुझी आई म्हणायची, तुला बायको आणायची तर तिच्याही दोन चिठ्ठ्या लागतील, म्हणून तू असाच राहणार. राहिलोच.

चौथा अर्थ छापला आहे म्हणजे नियमातून गेलेलाच आहे. चिठ्ठ्या उकरायची गरज नाही. पान नंबर दे आणि मोकळी हो. गुडघे आहेत तिथेच आहेत.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. भाषांतर काय करू, असं मी तुला विचारलंच नव्हतं, कारण ते करून झालेलं होतं. बारा डिसेंबरला मी शपथेवर कोर्टाला सांगितलं की त्या मेसेजचा अर्थ ‘आज मुकादमाला ठार मारतो’ असा आहे. त्या दिवशी माझ्याकडे आणखी चार खटले होते. कोश उघडला, खाणपट्टा हा शब्द दिसला, आरोपी खाणपट्ट्यातला, झालं. दहा मिनिटंही लागली नाहीत. कोशकार कोण असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ‘माझे मामा’ हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. इतका मला तुझा अभिमान.

मागच्या आठवड्यात पंपवाल्याची बायको मला कोर्टाच्या बाहेर गाठायला आली. मी तिच्याशी बोलायला नको होतं, पण ती भिंतीला टेकून दोन तास उभी होती. ती म्हणते, त्यांच्याकडे सॉर्ट करणं म्हणजे गोडीगुलाबीने वळवणं. रुसलेल्या पोराला सॉर्ट करतात, रागावलेल्या सासूला करतात. नवरा मुकादमाची समजूत घालायला गेला होता, कारण सतत रात्रपाळी लागल्यामुळे त्याला घरी पाठ टेकायला मिळत नव्हती. टाकीजवळ पोचला तेव्हा मुकादम पाण्यात होता, असं तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. हेच तिने साक्षीतही सांगितलं. सरकारी वकील म्हणाला, बायको दुसरं काय सांगणार, आणि त्याने तुझ्या कोशाचं पान पुढे केलं.

मामा, तिने सांगितलेला अर्थ तुझ्या चारांत नाहीच. मला त्या दोन चिठ्ठ्यांचे नंबर हवेत. पुढची तारीख अकरा मार्च आहे. हा माणूस दोषी ठरला तर जन्मभर आत जाईल, आणि मला नीट झोप लागत नाही.

सुतळी

२७ फेब्रुवारी

चि. सुतळी,

उत्तराला उशीर झाला. थंडीने गुडघे धरले होते.

चिठ्ठ्यांचं म्हणशील तर कोश कार्यालयात सध्या रंगकाम चालू आहे. कपाटं व्हरांड्यात ढकलली आहेत, काही म्हणता काही सापडत नाही. आणखी दोन महिने तरी तिकडे फिरकण्यात अर्थ नाही.

त्या बाईची मला दया येते, पण बाई नवऱ्याची बाजू घेणारच. रुसलेलं पोर आणि रागावलेली सासू हे खाणपट्ट्यात माझ्या कानांवर कधी आलेलं नाही. आणि तू दुभाषी आहेस, न्यायाधीश नाहीस. उद्या प्रत्येक आरोपीची बायको तुझ्यासमोर उभी राहिली तर तू प्रत्येक शब्द पुन्हा उकरणार का? कोशाकडे बोट दाखव. कोश असतो कशाला?

रागाने लिहितोय असं वाटलं तर वाटू दे.

मामा

४ मार्च

मामा,

काल मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने तुझ्या शहरात आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभी राहिले, पण वर आले नाही. तिथून सरळ कोश कार्यालयात गेले.

रंगकाम वगैरे काही नाही. कपाटं सांभाळणाऱ्या बाईंनी मला ओळखलं, चहा दिला आणि ‘स’चा खण काढून समोर ठेवला. चौथ्या अर्थाच्या दोन चिठ्ठ्या आहेत, दोन्ही तुझ्या अक्षरात. पहिली ऑक्टोबरातली. बोलणारा ट्रकवाला, खाणपट्ट्याच्या स्टेशनाबाहेर. दुसरी, बोलणारा खाणीतला लिफ्टवाला, दोन नंबरची खाण, सतरा नोव्हेंबर. ऐकणारा, स्वतः.

त्या वर्षीचा सतरा नोव्हेंबर मला कुठल्याही चिठ्ठीशिवाय पाठ आहे. तू बारा तारखेला आईजवळ हॉस्पिटलात आलास आणि एकवीसला ती गेली. ते नऊ दिवस तू त्या लोखंडी खुर्चीतून हलला नाहीस. कपडे बदलायलासुद्धा घरी गेला नाहीस, तुझे सदरे मी आणून देत होते. गेली बारा वर्षं मी लोकांना सांगत आलेय, भाऊ असावा तर असा.

खाणपट्टा तिथून दिवसभराच्या वाटेवर आहे. सतरा नोव्हेंबरला तू त्या लिफ्टवाल्याला कसा भेटलास?

सुतळी

८ मार्च

सुतळी,

भेटलो नाही. लिफ्टवाला नाहीच आहे.

ट्रकवाला खरा. चहा पिताना फुशारकी मारत होता, अमक्याला सॉर्ट केला, तमक्याला सॉर्ट केला, आणि गळ्यावरून बोट फिरवत होता. तो खाणपट्ट्यातला तरी होता की नाही, हेही मी विचारलं नाही. मी त्या भागात सगळे मिळून दोन दिवस राहिलो होतो. ‘स’चा खंड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापायला जायचा होता आणि या अर्थाला दुसरी साक्ष नव्हती. मला मात्र खात्री होती. इतकी वर्षं ऐकण्यात घालवल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला न ऐकताही कळतं. दुसरी साक्ष आज ना उद्या मिळणारच, मग आजच लिहिली तर काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावलं.

ताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मांडीवर पुठ्ठा घेऊन मी ती चिठ्ठी लिहिली. तिने मध्येच कूस बदलली आणि काय लिहितोस, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिच्याशी माझं धड बोलणं झालं ते शेवटचं. त्यानंतर ती शुद्धीवर आली ती तुझ्यासाठी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं, चाळीस हजारांवर शब्द आणि खोटी चिठ्ठी एकच. एकच, सुतळी. पण हे कोर्टात आलं तर उद्या लोक प्रत्येक पानाकडे त्याच नजरेने बघतील. त्यात ज्यांनी उन्हातान्हात हिंडून खऱ्या चिठ्ठ्या जमवल्या, त्यांचंही सगळं मातीत जाईल. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. माझ्या मागे दुसरं काहीच राहणार नाही.

हे पत्र तुझ्यापाशीच राहू दे, एवढं माझ्यासाठी कर.

मामा

१२ मार्च

मामा,

काल मी कोर्टात उभी राहून सांगितलं की माझं भाषांतर चुकलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, शपथेवर दिलेलं आता चूक म्हणता, याला आधार काय? तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी काढलं नाही. तू गळ घातलीस म्हणून नव्हे. ते तू स्वतः सांगावंस असं मला वाटलं. सरकारी वकिलाने मला विचारलं की मी आरोपीच्या बायकोला बाहेर भेटले होते, हे खरं का. मी हो म्हटलं. त्यानंतर माझ्या बोलण्याला काही किंमत उरली नाही. संध्याकाळपर्यंत दुभाषींच्या यादीतून माझं नाव काढल्याचा कागद हातात पडला.

त्याचं मला विशेष वाटत नाही. दहा मिनिटांत माणसाचा गळा कापणाऱ्या दुभाषीला ठेवून करायचं काय? पण पंपवाला पिंजऱ्यात उभा राहून माझ्याकडे आशेने बघत होता, आणि मी खाली बसले तसा तोही खाली बसला. ते मला सोसवत नाही.

तुझा मला राग आला आहे आणि तो जाणार नाही. तू चिठ्ठी खोटी लिहिलीस याच्यापेक्षा ती आईच्या उशाशी बसून लिहिलीस याचा जास्त राग आहे. तिने विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतंस तर ती हसली असती, आणि तुला ती चिठ्ठी फाडायला लावली असती. तुला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे.

अठ्ठावीस मार्चला शेवटची सुनावणी आहे. कोश तुझा आहे, पण तो माणूस कुणाचा तरी नवरा आहे. मी पुन्हा विचारणार नाही.

सुतळी

२० मार्च

सुतळी,

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. वकिलाला दाखवून सही-शिक्का केला आहे. दोन्ही चिठ्ठ्या मी कार्यालयातून स्वतः घेतल्या आणि तिथल्या मंडळींना कारण सांगितलं. कपाटवाल्या बाईंनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि मग रडल्या.

अठ्ठावीसला मी येतो. प्रश्न कागदावर लिहून द्या म्हणावं, उत्तर तोंडाने देईन. उतरायला मी तुझ्याकडे येणार नाही, स्टेशनाजवळ खोली घेतली आहे.

ताई मला रोज विचारते, काय लिहितोस म्हणून. आज पहिल्यांदा तिला सांगितलं.

मामा

१९ एप्रिल

मामा,

त्या दिवशी तू साक्ष संपताच पायऱ्या उतरून सरळ गेलास. मी मागून हाका मारल्या, त्या तुला ऐकू आल्या नसतील. नाहीतर आल्या असतील. तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते. निकाल काल लागला.

तू पिंजऱ्यात काठी धरून उभा राहिलास आणि प्रत्येक प्रश्न आधी मोठ्याने वाचून मग उत्तर दिलंस. ‘तुम्ही ही चिठ्ठी खोटी लिहिली का?’ असं स्वतःच विचारलंस आणि स्वतःच ‘हो’ म्हणालास. बचावाच्या वकिलाने तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, सुटला. मी तुला क्षमा करायच्या तयारीत होते, हेही सांगून टाकते.

तू गेल्यावर सरकारी वकील उठला. कोशकाराच्या प्रामाणिकपणाचं त्याने तोंडभरून कौतुक केलं. मग त्याने एक जाडजूड फाइल उघडली. वर्तमानपत्रांतली अकरा कात्रणं, सगळी खाणपट्ट्यातल्या खुनांच्या बातम्यांची, आणि सगळ्यांत ‘सॉर्ट केला’. दोन नवे कोश, दोन्हीत चौथा अर्थ आहे. पाच वर्षांपूर्वीचा एक निकाल, त्यातही तोच. मी तारखा पाहिल्या. यातलं सगळं तुझ्या कोशाच्या नंतरचं आहे. बातमीदारांनी तुझं पान बघितलं, कोशवाल्यांनी तुझं पान उतरवलं, त्या न्यायाधीशाने तुझ्या पानाचा आधार घेतला. बचावाचा वकील जीव तोडून हेच सांगत राहिला. तो जुना निकाल ज्याच्याविरुद्ध लागला होता, त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. तू चौकशी करणार असशील तर मला कळवू नकोस.

न्यायाधीशांनी निकालात लिहिलंय की शब्द कोणत्या वाटेने आला याच्याशी कोर्टाला कर्तव्य नाही, आज लोक त्याचा काय अर्थ घेतात ते बघायचं. लोक हाच अर्थ घेतात याला आता भरपूर पुरावा आहे. तुझं प्रतिज्ञापत्र निकालाला जोडलंय. पंपवाल्याला जन्मठेप झाली.

त्याला नेल्यावर त्याची बायको जिन्याजवळ उभी होती. मी तिच्यापाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘माझ्या माणसाला सॉर्ट केलंत तुम्ही.’

मी कठड्याला धरलं. ती म्हणाली, ‘आमच्याकडे नव्हता असला अर्थ, बाई. इथेच शिकले.’ आणि पदर सावरून जिना उतरून गेली.

मामा, ती खाणपट्ट्यातच जन्मलेली आणि तिथेच वाढलेली आहे. काल अठरा एप्रिल होता, आणि ऐकणारी मी स्वतः. तुझी दुसरी साक्ष मिळाली.

सुतळी